समुद्राकडे पाठ करून

माहीमच्या किनाऱ्यावर संध्याकाळी सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात. सूर्य बुडेपर्यंत मोबाइल वर, बुडाला की खिशात. पौर्णिमेच्या जरा आधी मात्र खरी गंमत पाठीमागे चाललेली असते. पूर्वेला, नारळी-पोफळीच्या वाड्यांवर चंद्र आलेला असतो आणि मावळतीचा आडवा उजेड अजून झावळ्यांच्या शेंड्यांना धरून असतो. दोन्ही उजेड एकाच वेळी हाताशी असण्याची ही वेळ काही मिनिटांचीच.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचं ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे कृष्णधवल छायाचित्र नेमकं याच वेळेचं आहे. खाली झुडपांचं माळरान, मातीची बसकी घरं, छोटंसं चर्च, आणि दफनभूमीतले पांढरे क्रूस, आपल्याकडे वसईच्या वाटेवर दिसतात तसे. त्यामागे बर्फाचे डोंगर, ढगांचा एक लांबट पट्टा. आणि वर निम्म्याहून अधिक चित्र व्यापून राहिलेलं काळं आकाश. चंद्र त्यात अगदी लहान आहे. नजर आधी त्याच्याकडे जाते, मग सरळ खाली क्रूसांवर उतरते. मधला काळा पट्टा ओलांडताना तिला थांबायला कुठे जागाच नाही.

छायाचित्र कधी काढलं हे खुद्द ॲडम्सला धड आठवत नव्हतं. साल सांगताना तो दर वेळी वेगळं सांगे. शेवटी चंद्राच्या जागेवरून खगोलाच्या अभ्यासकांनी गणित मांडलं आणि १९९१ मध्ये उत्तर पक्कं झालं: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटं. म्हणजे आपल्या पंचांगाने कार्तिक, तुळशीच्या लग्नाचे दिवस. पौर्णिमेला दोनेक दिवस बाकी होते.

गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून त्याने ८ बाय १० इंचांचा अवजड कॅमेरा घाईघाईने उभा केला, आणि प्रकाशमापक सापडेना. पण पौर्णिमेजवळच्या चंद्राची प्रखरता त्याला पाठ होती: चौरस फुटाला २५० कँडल. चंद्राला कोऱ्या पांढऱ्याच्या जरा खाली ठेवायचं ठरवून त्याने तोंडी हिशेब केला. फिल्मची गती ६४, पुढे गडद पिवळा फिल्टर, एफ-३२, एक सेकंद. चंद्राच्या अंगावरचे डाग आजही दिसतात ते या पाढ्यामुळे. दुसरी निगेटिव्ह घ्यावी म्हणून होल्डर उलटा केला, तोवर क्रूसांवरचं ऊन गेलं होतं.

रसग्रहण इथे थांबवता आलं असतं आणि बहुतेक जण थांबवतातही. क्षण टिपला, झालं. पण त्या निगेटिव्हमध्ये पुढचं माळरान इतकं पातळ उतरलं होतं की १९४८ मध्ये ॲडम्सने तो भाग रसायनाने दाट करून घेतला. आणि आकाश? ते तर मुळात काळं नव्हतंच! सुरुवातीच्या प्रिंटांमध्ये चंद्राच्या वरही फिकट ढगांच्या रेघा आहेत, आकाश राखाडी आहे. एन्लार्जरखाली खालचा भाग पुठ्ठ्याने झाकून वरच्या भागाला जास्त उजेड द्यायचा, पुठ्ठा सतत हलता ठेवायचा म्हणजे कड उमटत नाही. याला बर्निंग म्हणतात. असं करत करत वर्षागणिक त्याचं आकाश काळं होत गेलं. सत्तरच्या दशकातल्या प्रिंटांत ढगांच्या त्या रेघा जवळपास गिळल्या गेल्या. स्वतःच्या हाताने त्याने या एका निगेटिव्हचे १,३०० च्या वर प्रिंट काढले असं मानतात.

ॲडम्स तरुणपणी पियानो शिकलेला. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे वादन, असं तो म्हणे. आपल्याला हे समजायला पियानोपर्यंत जायला नको. बंदिश वहीत चार ओळींची असते. ती वही वाचून कोणी मान डोलावत नाही. आणि तीच बंदिश तोच गवई तिशीत आणि सत्तरीत सारखी गात नाही. मला विचाराल तर मला तिशीतली आवडते. उशिराचं काळं आकाश भव्य आहे, पण ते थोडं नाटकातल्या पडद्यासारखं वाटतं. आधीच्या राखाडी आकाशात संध्याकाळ आहे. क्रूसांवर ऊन असताना वर मध्यरात्र कशी, हा माझा किनाऱ्यावरचा अनाडी प्रश्न आहे, पण तो सुटत नाही.

हे दोन्ही अवतार मी शेजारी-शेजारी पाहिले ते संगणकाच्या पडद्यावर, हाही एक विनोदच. पडदा स्वतः उजळतो. कागद परका उजेड परतवतो, आणि त्याच्या सर्वांत पांढऱ्या आणि सर्वांत काळ्या भागात अंतर असतं शंभरेक पटींचं. एवढ्या जागेत चंद्रही बसवायचा आणि झुडपांची सावलीही. डिजिटल प्रिंट काढणाऱ्यालाही हे चुकत नाही. शाईच्या प्रिंटरमध्ये आता काळ्या-राखाडीच्या चार-चार छटा भरतात, बरायटाचा लेप दिलेला कागद मिळतो. पूर्वी ट्यूबलाइटखाली प्रिंट हिरवट दिसे, ते बरंच गेलं. काही जण तर संगणकावर दुरुस्त केलेली निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर छापून पुन्हा चांदीच्या कागदावर उतरवतात. डार्करूमवाले याला नाकं मुरडतात. मला मुरडावंसं वाटत नाही. ॲडम्सनेच १९८१ मध्ये लिहून ठेवलं की पुढची मोठी झेप इलेक्ट्रॉनिक प्रतिमेची असेल आणि आपण तिची वाट पाहतो आहोत. फरक आहे तो एवढाच की संगणकावर ठरवलेलं आकाश हजार प्रतींत तेच राहतं. त्याच्या हजारांत मात्र हात दर वेळी थोडा वेगळा हलला आहे.

माझी डार्करूम म्हणजे आमची जुनी न्हाणी: खिडकीला काळा कागद, लाल दिवा, तीन ट्रे. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून डेव्हलपरला विकतचं पाणी. एके काळी ऊटीच्या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ कागद मिळायचा. कागदाचं नावच चंद्र! तो कारखाना आता बंद आहे.

गेल्या कार्तिकात मी समुद्राकडे पाठ करून एक फिल्म संपवली. वाडीवरचा चंद्र, झावळ्या, वर विरळ ढग. आकाशाला आठ सेकंद, बारा, सोळा अशा पट्ट्या काढल्या. बाराला ढग नेमके हवे तसे राहिले. कागद ओला असताना उजळ दिसतो आणि सुकला की जरा काळवंडतो. ॲडम्स यासाठी चाचणीच्या पट्ट्या मायक्रोवेव्हमध्ये सुकवून बघत असे. माझ्याकडे पडवीतली दोरी होती. बारा सेकंदांचा प्रिंट चिमट्याने तिच्यावर टांगला आणि झोपलो. सकाळी उजेडात पाहिलं, तर ढग जवळजवळ गेलेलेच.