'बोल' नावाचे लेखन

संगणकावरील तात्काळ संदेशवहनाचा इतिहास आजवर बहुधा भांडवलाच्या भाषेत लिहिला गेला आहे. तेल अवीवच्या मिराबिलिस कंपनीने १९९६ च्या नोव्हेंबरात 'आय-सी-क्यू' ही सेवा सुरू केली. १९९८ मध्ये अमेरिका ऑनलाइनने २८ कोटी ७० लाख डॉलर देऊन ती विकत घेतली. २०१० मध्ये ती रशियन मालकांकडे १८ कोटी ७५ लाखांना गेली आणि २६ जून २०२४ रोजी बंद पडली. मुंबईत अजित बालकृष्णन यांनी रेडिफची स्थापना केली तीही १९९६ मध्येच. जून २००० मध्ये तिचे भाग नॅस्डॅकवर आले, २०१६ मध्ये ते तेथून काढले गेले. याच कंपनीच्या संदेशसेवेचे नाव 'रेडिफ बोल'. ही हकीकत यथार्थ आहे. परंतु या साधनांतून जी भाषा वाहिली तिचे स्वरूप काय होते, हा प्रश्न तीत येत नाही.

प्रथम नावांचाच विचार करावा. 'आय-सी-क्यू' ही अक्षरे मोठ्याने उच्चारली की 'मी तुला शोधतो' या अर्थाचे इंग्रजी वाक्य ऐकू येते. 'बोल' हे नाम आहे, तसेच जवळच्या माणसाला उद्देशून केलेले आज्ञार्थी एकवचनही आहे. दोन्ही नावे भाषणाचे आश्वासन देतात. प्रत्यक्षात घडे ते मुख्यतः लेखन. मात्र पत्र अनुपस्थित माणसाला लिहावयाचे असते, येथे समोरचा त्या क्षणी हजर असल्याची खूण दिसे. त्यामुळे 'कृ. सा. न. वि. वि.' गळाले, वाक्ये अर्धी राहिली, लेखनाने बोलण्याचे गुण घेतले.

हे लेखन बव्हंशी रोमन लिपीत झाले. कळफलक रोमन होता. विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय २००० साली आली, तोवर सवय जडली होती. यास भाषेची अधोगती म्हणणे घाईचे ठरेल. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठी पत्रव्यवहार मोडीत आणि ग्रंथ बाळबोधीत, अशी विभागणी होतीच. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे.

तथापि हे समर्थन एका मर्यादेपर्यंतच टिकते. मोडीने ण-न आणि ळ-ल हे भेद राखले. व्यवहारातील रोमन लेखनाने ते राखले नाहीत. 'मण' आणि 'मन', 'माळ' आणि 'माल' तेथे एकरूप होतात. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातील बोलीचे उदाहरण घेतल्यास याचे गांभीर्य कळते. खामगाव-शेगावकडील वऱ्हाडी भाषक 'पाणी' ऐवजी 'पानी' आणि 'डोळा' ऐवजी 'डोया' म्हणतो. रोमन लिपीत पुणेकराचे 'पाणी' व खामगावकराचे 'पानी' सारखेच दिसते. एकाच्या बाबतीत ते लिपीचे वैगुण्य असते, दुसऱ्याच्या बाबतीत उच्चाराची नोंद. उलट 'डोया' मधला 'य' लपत नाही. म्हणजे ही लिपी बोलीचे एक लक्षण झाकते आणि दुसरे उघड करते. तिच्यावर सरसकट विसंबणे जितके चुकीचे, तितकेच तिला सरसकट त्याज्य मानणेही चुकीचे.

शाळेच्या वहीत 'डोया' लिहिले की तांबडी रेघ पडते. संदेशाच्या चौकटीत ती भीती नव्हती; जी बोली कथा-कवितेपलीकडे फारशी लिहिली जात नव्हती, ती येथे रोजच्या व्यवहारात लिहिता आली. पण हा पुरावा कंपनीच्या यंत्रावर किंवा खाजगी संगणकावर राही. सेवा बंद पडते, संगणक मोडीत निघतो, आणि त्याबरोबर लेखनही जाते. सातशे वर्षांपूर्वीची महानुभावीय पोथी अभ्यासकास उपलब्ध व्हावी आणि वीस वर्षांपूर्वीचा वऱ्हाडी संवाद मात्र हरवावा, ही स्थिती अभ्यासाला भूषणावह नाही. ज्यांनी असे संवाद जपून ठेवले असतील त्यांच्याकडून, त्यांच्या संमतीने व नावे वगळून, ते मिळविणे अद्याप शक्य आहे. कंपन्यांच्या इतिहासातील ही उणीव कंपन्या भरून काढणार नाहीत. ते काम भाषाभ्यासकाचे आहे.