देवदासाचे वकील

आवडत्या कादंबरीचा बोलपट निघाला, की घरोघर एक लहानसा खटला उभा राहतो. आरोपी दिग्दर्शक, फिर्यादी वाचक. पुस्तकात नायिका अशी नव्हती. तो रात्रीचा प्रसंग गाळला. हा नाच कुठून आणला. शेवट का फिरवला? मध्यंतरात चहाचा पेला हाती घेऊन जो तो आपली साक्ष नोंदवतो. ज्याने पुस्तक वाचलेले नसते तो बिचारा गप्प ऐकतो आणि मनात म्हणतो, मला तर चित्र बरे वाटले होते!

या फिर्यादीत काही गैर आहे असे मी म्हणत नाही. कादंबरी वाचताना प्रत्येक जण मनातल्या मनात एक चित्रपट काढीतच असतो. त्यात नट त्याने निवडलेले, घर त्याच्या आजोळासारखे, पाऊस त्याच्या गावचा. पडद्यावर दुसऱ्याचा चित्रपट दिसला की तो दचकतो. परंतु इतकी वर्षे ही फिर्याद ऐकून मला असे वाटू लागले आहे, की वाचक ज्या तक्रारी करतो त्या बहुधा किरकोळ असतात. आणि जी तक्रार त्याने करायला हवी ती तो कधीच करीत नाही. कारण त्या गुन्ह्यात तो स्वतः भागीदार असतो.

हे विधान नुसते हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण घेतो. ‘देवदास’.

शरदबाबूंनी ही कादंबरी अगदी तरुणपणी, या शतकामागच्या शतकाच्या उंबरठ्यावर लिहिली. ती छापायला ते फारसे राजी नव्हते. ती प्रसिद्ध झाली १९१७ साली. आकाराने लहान, दोन संध्याकाळी वाचून संपणारी. मामा वरेरकरांनी शरदबाबूंच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि बंगालमधला हा लेखक आपल्या माजघरात असा येऊन बसला, की तो परप्रांतीय आहे हेच पुष्कळांच्या ध्यानात राहिले नाही. ‘देवदास’चा मूकपट १९२८ साली निघाला. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी प्रमथेश बरुआंनी तो बंगालीत बोलता केला आणि स्वतःच नायकाची भूमिका केली. पुढच्याच वर्षी हिंदीत सैगल आला. १९५३ साली तेलुगूत नागेश्वर राव, १९५५ साली बिमल रॉय यांच्या चित्रात दिलीपकुमार, २००२ साली संजय लीला भन्साळींच्या चित्रात शाहरुख खान. एका लहानशा पुस्तकाला इतके अवतार क्वचितच लाभले असतील.

आता वाचकाच्या अपेक्षांकडे वळू. त्या मला तीन प्रकारच्या दिसतात.

पहिली अपेक्षा चेहऱ्याची. ‘आमची पारो अशी नाही,’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. परंतु गंमत पाहा. लग्नाची बोलणी चालू होतात तेव्हा कादंबरीतली पार्वती अवघी तेरा वर्षांची आहे आणि देवदास विशीच्या आसपास. १९५५ साली सुचित्रा सेन चोवीस वर्षांच्या होत्या आणि दिलीपकुमारांनी तिशी ओलांडली होती. यावर कोणी वाचकाने हरकत घेतली नाही, आणि मी तर म्हणतो, न घेतली तेच बरे! यावरून एवढेच दिसते, की चेहऱ्याची अपेक्षा पुस्तकातून येत नाही. ती आपल्या मनातून येते.

दुसरी अपेक्षा प्रसंगांची. येथे वाचक अधिक दक्ष असतो. भन्साळींनी देवदासाला कलकत्त्याऐवजी थेट लंडनहून आणले, आणि पारो व चंद्रमुखी यांना एकाच अंगणात नाचवले, तेव्हा वाचकांनी केवढा गिल्ला केला! कादंबरीत त्या दोघी एकमेकींना कधी भेटतच नाहीत. त्या न भेटण्यातच शरदबाबूंची सारी खुबी आहे. बिमल रॉय यांनाही त्यांना समोरासमोर आणण्याचा मोह आवरला नाही. पण त्यांनी काय केले? एक पालखीतून चालली आहे, दुसरी पायी. क्षणभर नजरा भिडतात आणि वाटा वेगळ्या होतात. एक शब्द नाही. हा प्रसंग पुस्तकात नाही, तरी पुस्तकातलाच वाटतो. म्हणजे नवा प्रसंग घातला हा काही अपराध नव्हे. त्या प्रसंगाने दोन माणसांमधले अंतर राखले की मोडले, एवढेच पाहायचे. रॉय यांनी ते राखले. नाचाने ते मोडले. इथवर फिर्यादी आणि मी एकाच बाजूला आहोत.

परंतु तिसरी अपेक्षा? ती कोणी बोलून दाखवीत नाही. वाचकाला मनापासून वाटत असते, की नायकाला सांभाळून घ्यावे. त्याचे रडणे पडद्यावर आले पाहिजे, त्याचा दोष नाही आला तरी चालेल. आणि ही अपेक्षा या प्रत्येक दिग्दर्शकाने इमानेइतबारे पुरी केली आहे.

ज्यांनी पुस्तक पूर्वी वाचले असेल त्यांनी ते पुन्हा उघडून फक्त तीन जागा पाहाव्यात. पहिली जागा रात्रीची. घरच्या मोठ्यांनी स्थळ नाकारल्यावर पार्वती एकटीच, मध्यरात्री, देवदासाच्या खोलीत येते. त्या काळच्या खेड्यात, तेरा वर्षांची मुलगी! तिने स्वतःची अब्रू, आईबापांचे नाव, सारे एका फेकीला लावले आहे. आणि देवदासाला पहिली चिंता काय पडते? कोणी पाहिले तर नाही ना, ही! धैर्य तिचे आहे, भय त्याचे.

दुसरी जागा पत्राची. वडिलांपुढे त्याचे काही चालत नाही. तो कलकत्त्याला निघून जातो आणि तेथून तिला लिहितो, की तुझ्यावर माझे फार प्रेम आहे असे मला कधी वाटलेच नाही. पत्र टपालात पडते आणि त्याच क्षणी त्याला पश्चात्ताप होऊ लागतो. शरदबाबूंनी हे इतक्या कोरडेपणाने सांगितले आहे, की वाचणाऱ्याला या तरुणाचा राग यावा. नियतीने येथे काहीही केलेले नाही. वडील कठोर आहेत, कुळाचा अभिमान आहे, हे सारे खरे. पण पत्र त्याने आपल्या हाताने लिहिले आहे.

तिसरी जागा तळ्याकाठची. तो परत येतो, तोवर तिचे लग्न ठरले आहे. हातीपोत्याचा जमीनदार, बिजवर, पार्वतीपेक्षा मोठी मुले असलेला. आता ती नकार देते. तुमच्या घराला मान आहे तसा माझ्याही आईबापांना आहे, असे त्याला सुनावते. आणि देवदास काय करतो? हातातली गळाची काठी तिच्या कपाळावर हाणतो. रक्त वाहू लागते.

या तीन जागा सलग वाचा आणि मग सांगा, ही एका हताश प्रेमिकाची कथा आहे, की वेळेवर ‘हो’ म्हणण्याचे धैर्य नसलेल्या आणि ‘नाही’ ऐकण्याची सवय नसलेल्या एका श्रीमंत घरच्या मुलाची?

हे प्रसंग चित्रपटांनी गाळले असे मात्र नाही. बिमल रॉय यांच्या चित्रात तर बहुतेक सारे प्रसंग जागच्या जागी आहेत. मग दोष गेला कोठे? मला वाटते, याचे उत्तर माध्यमाच्या घडणीत आहे. कादंबरीत देवदास आणि आपण यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा असतो: सांगणारा. तो वेळोवेळी देवदासाकडे पाहून मान हलवतो, कधी त्याला टोचतो, कधी त्याची कीव करतो. बोलपटात हा सांगणारा नाहीसा होतो. उरतो तो जवळून टिपलेला चेहरा आणि गळ्यातला सूर. दिलीपकुमारांचे ते जड झालेले डोळे पाहिल्यावर कोणाला पत्राची आठवण राहणार? सैगलने सूर लावल्यावर कपाळावरच्या खोकेची चौकशी कोण करणार? सैगलचा आवाज म्हणजे साक्षात माफीनामा! २००२ सालच्या चित्रात तर गळाच्या काठीची मोत्यांची माळ झाली. शस्त्रसुद्धा दागिना झाले, आणि आपण त्या दागिन्याचे कौतुक केले.

शेवटाकडे पाहा. बरुआंची ती प्रसिद्ध योजना: तिकडे गाडीच्या डब्यात देवदास कोसळतो आणि इकडे आपल्या घरी पारो अडखळते. जणू दोन जीवांना जोडणारी एक अदृश्य तार आहे. कल्पना देखणी आहे यात वाद नाही. पुढच्या चित्रांत पारो दाराकडे धावत सुटते, तो भला मोठा दरवाजा तिच्या तोंडावर मिटतो, आणि आपला हुंदका फुटतो. कादंबरीत काय आहे? मरणारा दारापाशी रात्रभर पडून राहतो. आत तिला काही चाहूल नाही, कोणतीही तार नाही. तो कोण हे तिला कळते तेव्हा सारे उरकलेले असते. प्रेतही धड जळालेले नसते. चित्रपटात दरवाजा मिटतो म्हणून भेट होत नाही, म्हणजे दोष दरवाज्याचा. कादंबरीत भेट होत नाही, कारण तो फार उशिरा आला. दोष त्याचा.

लंडनवर आणि नाचावर हरकत घेणाऱ्या वाचकांपैकी या दरवाज्यावर हरकत घेतलेला एकही मला आजवर भेटलेला नाही. हीच ती न केलेली तक्रार.

असे कोणाला वाटलेच नाही असे मात्र नाही. १९३९ साली आपल्या प्रभातने ‘माणूस’ काढला. प्रेमभंगाने आयुष्याची माती करून घेणाऱ्या ‘देवदास’ला उत्तर द्यावे, हा शांतारामबापूंचा त्यामागचा हेतू होता. त्यातला गणपत हा साधा पोलीस शिपाई. शाहू मोडकांनी केलेला. शांता हुबळीकरांच्या मैनेवर तो जीव लावतो, तिला गमावतो, कोसळतो आणि पुन्हा उठून कामावर जातो. चित्रपटाने चित्रपटावर लिहिलेली अशी टीका आपल्याकडे विरळाच. आणि २००९ साली अनुराग कश्यपचा ‘देव डी’ आला. त्यात बंगाल नाही, जमीनदारी नाही, नायकाचा मृत्यूसुद्धा नाही. शिवाय तो सहकुटुंब पाहण्याजोगाही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शब्दाशब्दाने पाहिले तर मूळ कथेशी सर्वांत बेइमान असे हे चित्र. तरी त्यातला तरुण ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून आपल्या मैत्रिणीचा अपमान करतो आणि आपल्या हाताने सारे घालवतो, हे त्यात लख्ख दिसते. दोष ज्याचा त्याच्या पदरात घातला, एवढ्या एका बाबतीत ते शरदबाबूंच्या अधिक जवळ गेले.

‘अहो, करमणुकीच्या गोष्टीत एवढे काय मनावर घ्यायचे?’ असे कोणी विचारील. मनावर घ्यायचे ते यासाठी, की हा देवदास पडद्यावर राहिला नाही. तो आपल्या भाषेत उतरला. प्रेमात ठेच लागलेला, दाढी वाढवून हिंडणारा मुलगा दिसला की आपण सहज म्हणतो, ‘त्याचा अगदी देवदास झालाय.’ त्यात थट्टा असते, पण लाडही असतो. जिच्या कपाळावर घाव बसला तिच्यासाठी मात्र भाषेत एकही शब्द झाला नाही. ‘तिची पार्वती झाली’ असे कोणी म्हणत नाही. एकीकडे मुलगा, एकीकडे मुलगी, अशी सारी मंडळी एकत्र बसून जेव्हा हे चित्र पाहतात, तेव्हा मारणाऱ्याचे दुःख मोठे आणि मार खाणारीचे व्रण सुंदर, हा धडा दोघेही न कळत शिकून उठतात. कोणा शिक्षकाने तो शिकवला असता तर आपण शाळेत भांडायला गेलो असतो.

याचा अर्थ देवदासासाठी रडू नये असा मुळीच नाही. खुद्द शरदबाबूंनी शेवटी वाचकांपुढे हात जोडले आहेत. अशा दुर्दैवी माणसासाठी थोडी प्रार्थना करा, मरताना कपाळावर एखादा मायेचा हात असू नये अशी वेळ कोणावर न येवो, अशी त्यांची विनवणी आहे. पण तीच विनवणी करताना त्यांनी त्याला असंयमी आणि पापी म्हणायला कमी केलेले नाही. त्यांना आपली करुणा हवी होती. आपण त्याला निर्दोष सोडून दिले. करुणा आणि निर्दोषत्व यांत केवढे अंतर आहे! ज्याने काही चूक केलीच नाही त्याच्यासाठी प्रार्थना तरी कशाला हवी? देवदासाचा दोष पुसला, की शरदबाबूंची ती शेवटची विनवणीच निरर्थक होते. आणि ती विनवणी हाच त्या पुस्तकाचा प्राण आहे.

म्हणून मला असे वाटते, की आपल्या आवडत्या कादंबरीचे चित्र पुढच्या खेपेला पाहाल तेव्हा ‘पुस्तकात असे होते का?’ हा प्रश्न जरूर विचारा. पण त्याच्या जोडीला आणखी एक विचारा: ‘पुस्तकात लेखक ज्याला जाब विचारीत होता, त्याला येथेही कोणी जाब विचारला का?’ नसेल विचारला, तर चेहरा कितीही जुळो, प्रसंग कितीही जागच्या जागी असोत, ते चित्र पुस्तकाचे नव्हे. ते आपल्या लाडाचे चित्र आहे. दिग्दर्शकाला पैसे आपणच दिले, वकीलपत्रही आपणच दिले. त्याने नायकाला सोडवून आणले यात नवल ते काय?

ही तक्रार घेऊन फिर्यादी कोर्टात येईल तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात दिग्दर्शकाशेजारी त्याला थोडी जागा स्वतःसाठीही करावी लागेल. तोवर या दिवाळीत, फराळाच्या ताटाशी दोन संध्याकाळी मोकळ्या मिळाल्या, तर ते लहानसे पुस्तक पुन्हा उघडून पाहा. देवदास भेटेलच, पार्वती कदाचित पहिल्यांदाच भेटेल.