चिठ्ठीवरच्या रेघा

कामशेतच्या एका शाळेत नववीच्या ३१ मुलांबरोबर आम्ही एक खेळ घेतला. एका मुलीला चिठ्ठी दिली. तिने ती दोन कागदांवर उतरवून दोघांना द्यायची, त्या दोघांनी प्रत्येकी आणखी दोघांना. नियम दोनच. ज्याला चिठ्ठी मिळालेली नाही त्यालाच द्यायची, आणि उतरवताना आधीपेक्षा एक रेघ जास्त मारायची. १, २, ४, ८, १६ असे करत चार फेऱ्यांत सगळा वर्ग संपला. मग आम्ही विचारले, "चिठ्ठीच्या किती प्रती निघाल्या?" शेवटच्या बाकावरच्या मुलाने आपल्या चिठ्ठीवरच्या रेघा पाहून चटकन सांगितले, "चार!" खरे उत्तर होते तीस.

त्या मुलाचे उत्तर चुकले, पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. निरोप किती हातांतून आला, हे रेघा सांगतात. तो एकूण किती जणांकडे पोचला, हे त्या सांगत नाहीत. पहिली झाली साखळीची लांबी, दुसरा झाला पसारा. व्हॉट्सअ‍ॅपने अफवांना आवर घालण्यासाठी जे नियम केले, ते या फरकाच्या कसोटीवर कितपत उतरतात, ते पाहू या.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पाच जणांना जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा तेव्हा तोंडोतोंडी आणि मोबाइलवरूनही फिरत होती. देशात इतरत्रही अशा घटना घडल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मर्यादा आणली: एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल. त्याआधी तो अडीचशे ठिकाणी पाठवता येत असे.

मुळात अशा मर्यादेची गरज का पडली? आमच्या खेळात दोन चिठ्ठ्या लिहून झाल्या की मुलांचे हात दुखायला लागले होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात निरोप टाकणाऱ्याचा फोन मात्र निरोपाची एकच प्रत पाठवतो. ती गटातल्या प्रत्येकापर्यंत पोचवण्याचे काम सर्व्हर करतो. गट दहा जणांचा असो वा हजारांचा, पाठवणाऱ्याचे श्रम तेवढेच. फोटो किंवा चित्रफितीसारखी मोठी वस्तू असेल तर अशा सेवा ती एकदाच साठवतात आणि पुढे फक्त तिचा पत्ता फिरवतात. कोट्यवधी लोकांचा भार पेलायचा तर या युक्त्यांना पर्याय नाही, आणि त्या उत्तमच आहेत. पावसाळ्यात पवना किंवा वडिवळे धरणातून पाणी सोडल्याचा निरोप काठच्या गावांना मिनिटांत पोचतो, तो त्यांच्याच जोरावर. मात्र हात दुखण्याचा जो नैसर्गिक अडसर होता तो त्यांनी काढून टाकला. पाचाची मर्यादा म्हणजे मुद्दाम परत आणलेली हातदुखी होय.

ती किती उपयोगी पडली, याचा हिशोब करू. २०१८ मध्ये गटात जास्तीत जास्त २५६ जण असत. पाठवणारा वगळला तर २५५. म्हणजे एका खेपेची कमाल पोच २५० × २५५ = ६३,७५० होती, ती ५ × २५५ = १,२७५ वर आली. पन्नासपट घट! एप्रिल २०२० मध्ये आणखी कडक नियम आला. पाच किंवा अधिक हातांतून आलेला, दुहेरी बाणाची खूण असलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल. पोच उरली २५५. असे निरोप ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने त्याच महिन्यात सांगितले. इथवर कौतुकच केले पाहिजे.

पण २०२२ मध्ये कंपनीने गटाची मर्यादा आधी ५१२ आणि मग १,०२४ केली. त्याच वर्षी आणखी एक नियम केला: एकदा पुढे आलेला निरोप पाचांपैकी एकाच गटात टाकता येईल, उरलेल्या चार व्यक्ती. आता पुन्हा मोजू. साध्या पुढे आलेल्या निरोपाची पोच १,०२३ + ४ = १,०२७. आधीच्या १,२७५ पेक्षा ती थोडी कमीच आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जवळजवळ तेवढेच परत घेतले. दुहेरी बाणाच्या निरोपाचे काय? त्याला अजूनही "एकच ठिकाण". मात्र त्या एका ठिकाणी आता २५५ नव्हे, १,०२३ माणसे मावतात. ज्या निरोपांवर सर्वांत कडक पहारा हवा, त्यांचीच पोच चौपट झाली.

साथीच्या रोगासारखा विचार केला तर याचा अर्थ उमगेल. २५५ वाचकांमागे सरासरी एकापेक्षा कमी जणांनी निरोप पुढे ढकलला, तर तो विझत जातो. गट १,०२३ वाचकांचा असेल तर हजारात एक उतावळा माणूस त्याला जिवंत ठेवायला पुरतो. सगळे गट भरलेले नसतात, तीच माणसे अनेक गटांत असतात, हे खरे. हे कमाल आकडे आहेत. पण मर्यादा घालायची ती कमाल लक्षात घेऊनच. शिवाय ७० टक्के घटीचा तो आकडा लहान गटांच्या काळातला आहे, हे विसरून चालणार नाही.

मग पसारा थेट का मोजत नाहीत? निरोप पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद असतो. मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही, म्हणून मोजणी निरोपाबरोबरच, चिठ्ठीवरच्या रेघांसारखी प्रवास करते. कोऱ्या कागदावर मजकूर नव्याने लिहिला की रेघा शून्य. खेळात एका मुलाने नेमके हेच केले होते! हे कुलूप तोडावे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. खाजगीपणाची ती किंमत आहे आणि ती द्यावी.

आमचा आक्षेप मोजण्याच्या एककावर आहे. नियम ठिकाणे मोजतो, माणसे मोजत नाही. मावशीला पाठवलेला निरोप आणि हजार जणांच्या गटात टाकलेला निरोप त्याच्या लेखी सारखेच. वास्तविक गटात किती जण आहेत, हे पाठवणाऱ्याच्या फोनला ठाऊक असते. दुहेरी बाणाच्या निरोपाला २५५ माणसांची मर्यादा घालायची, तर निरोप वाचण्याची गरजच नाही. फोनने फक्त बेरीज करायची.

हा खेळ आपल्या वर्गात जरूर घ्या. चौथ्या फेरीनंतर मुलांना विचारा: प्रत्येकाने दोनच चिठ्ठ्या द्यायच्या, पण त्यातली एक फळ्यावर लावायची मुभा असेल, तर किती फेऱ्या लागतील? उत्तर मिळाल्यावर दोनच चिठ्ठ्यांचा नियम नेमका कुठे फसला, हे मुलांनाच शोधू द्या.