‘अस्पर्श’ अरण्य आणि कोस्टा रिकाच्या कादंबऱ्या

कोस्टा रिकावरची प्रवासवर्णने एकापाठोपाठ एक वाचली की त्यांचा साचा लगेच हाती लागतो. आधी आरेनाल ज्वालामुखीचा शंकू, मग मोंतेवेर्देच्या धुक्यातले झुलते पूल, तोर्तुगेरोच्या वाळूत रात्री अंडी घालायला येणारी कासवे, केत्साल पक्ष्याची लांब हिरवी शेपटी, फांदीला उलटा लटकलेला स्लॉथ. हे सगळे झाल्यावर, बहुधा शेवटच्या प्रकरणात, ‘लोकजीवन’ येते : तांदूळ आणि काळ्या घेवड्याचा गायो पिंतो, सार्चीच्या रंगवलेल्या बैलगाड्या, हसतमुख माणसे आणि त्यांच्या तोंडचे ‘पुरा विदा’. निसर्ग एका दालनात, माणसे दुसऱ्यात. पहिल्या दालनाच्या दारावर एक विशेषण ठरलेले असते : अस्पर्श. त्याची भावंडे म्हणजे आदिम, कुमारी आणि अनाघ्रात.

माझा आक्षेप या विशेषणावर आहे. ते भाबडे आहे एवढेच असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण ते वापरले की या देशाने केलेली सर्वांत मोठी गोष्ट दिसेनाशी होते आणि त्याने अजून न फेडलेले देणेही झाकले जाते. शिवाय त्या देशातल्या लेखकांनी ऐंशी वर्षांहून अधिक काळ याच अरण्याबद्दल जे लिहून ठेवले आहे, त्याच्याशी या विशेषणाचा कुठेच मेळ बसत नाही. प्रवासवर्णने आणि कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या तर दोन वेगळेच देश समोर येतात.

आधी ‘पुरा विदा’विषयी थोडे. आपल्या कानाला त्यातला ‘पुरा’ ओळखीचा वाटतो, पण स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ निर्भेळ, शुद्ध. नमस्कार, निरोप, ‘कसं काय’, ‘ठीक आहे’ अशा सगळ्या जागी तो चालतो. प्रवासवर्णनकार त्यातून एका सुखी लोकसमूहाचे प्राचीन तत्त्वज्ञान काढतात. रूढ समजूत अशी की हा वाक्प्रचार १९५६ च्या त्याच नावाच्या मेक्सिकन विनोदी चित्रपटावरून देशभर पसरला. आयात केलेल्या विनोदाला मातीतला विचार समजणे आणि वाढवलेल्या जंगलाला आदिम समजणे या दोन चुका एकाच जातीच्या आहेत.

कारण हे जंगल बऱ्याच ठिकाणी खरोखरच वाढवलेले, किंवा वाढू दिलेले आहे. महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढ्या या देशात १९४० च्या दशकात सुमारे तीन चतुर्थांश जमीन वनाखाली होती. १९८० च्या दशकात ती पाव हिश्शाच्या आसपास उरली. हे चोरून झाले नाही. जंगल साफ करणे म्हणजे जमिनीची ‘सुधारणा’ असे धरले जाई आणि त्यावर मालकीचा हक्क सांगता येई. गुरांच्या कुरणांसाठी कर्जे मिळत, गोमांस अमेरिकेला जाई. पुढे मांसाचे भाव पडले, राष्ट्रीय उद्याने वाढत गेली, आणि १९९६ च्या वनकायद्याने जंगलाच्या जमिनीचा वापर बदलण्यावर बंदी आणली. वर्षभरात आणखी एक व्यवस्था सुरू झाली : जो जमीनमालक झाडे राखील त्याला सरकार पैसे देईल, आणि तो पैसा मुख्यतः इंधनावरच्या करातून येईल. आज निम्म्याहून अधिक देश पुन्हा झाडांखाली आहे.

‘अस्पर्श’ म्हणणारा पाहुणा याचे श्रेय नकळत देवाला देऊन टाकतो. त्यामागचा कर, कायदा, भांडण, बाजारभाव त्याला दिसत नाही. मराठी वाचकाच्या कामाची एक बारीक गोष्ट अशी की तिथल्या वनशेतीत लाकडासाठी सर्वाधिक लावली जाणारी दोन झाडे आपल्या ओळखीची आहेत, साग आणि शिवण. शिवणीला तिथे ‘मेलिना’ म्हणतात. हिरव्या टेकड्यांकडे पाहून भारावणाऱ्या मराठी प्रवाशाने थोडे खाली उतरून पाहिले, तर आदिम वाटणाऱ्या त्या हिरव्यात आपल्याकडची पाने ओळीने उभी दिसण्याचा बराच संभव आहे.

आता कादंबऱ्यांकडे. पहिली अर्थातच कार्लोस लुईस फायास यांची ‘मामिता युनाय’, १९४१ ची. ‘युनाय’ म्हणजे युनायटेड फ्रूट कंपनीतले ‘युनायटेड’, मजुरांच्या जिभेवर झिजलेले, आणि ‘मामिता’ म्हणजे आईसाठीचा लाडिक शब्द. फायास स्वतः तरुणपणी लिमोन प्रांतातल्या केळीच्या मळ्यांत राबलेले आणि १९३४ च्या मोठ्या संपाचे एक नेते. १९४० च्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षातर्फे ते तालामांकाच्या रानात देखरेखीसाठी गेले, तिथला मतदानातला गैरव्यवहार त्यांनी पक्षाच्या वृत्तपत्रासाठी लिहिला आणि त्यातून ही कादंबरी उभी राहिली. तिची वीण त्यामुळे ओबडधोबड आहे. सुरुवातीला वृत्तांत, मध्येच आठवणींचा लांबलचक पट्टा, मग पुन्हा वर्तमान. कलाकृती म्हणून याबद्दल नाके मुरडणारे तेव्हाही होते. मला मात्र या खडबडीतपणामुळेच ती टिकली असे वाटते.

या कादंबरीत अरण्य पानोपानी आहे, पण पाहण्यासाठी नाही. ते तोडायचे आहे, त्यात चिखल तुडवायचा आहे, सुरुंग लावायचे आहेत, हिवतापाने कुडकुडत त्यातच निजायचे आहे. निवेदकाचा सोबती कालेरो याच कामात, तोडलेले झाड अंगावर कोसळून मरतो. एका अतिशय साध्या माणसाचे हे मरण फायास फार आवाज न चढवता सांगतात. पाब्लो नेरुदांनी १९५० च्या ‘कांतो खेनेराल’मध्ये या कालेरोला उद्देशून कविता लिहिली, यावरून ते किती दूरवर पोचले ते कळावे. हे वाचल्यावर कॅरिबियन किनाऱ्यावरच्या रस्त्याकडेची हिरवळ नुसती डोळे निववणारी राहत नाही. कंपनीने जमिनी साफ केल्या, पनामा रोगाने केळी मेली, संप झाला, कंपनी पॅसिफिक किनाऱ्याकडे सरकली. मागे राहिलेल्या जमिनीवर काही ठिकाणी कोको आला, काही ठिकाणी रान माजले. त्या रानाला वय आहे. ते मोजता येते.

फायास यांचे मोठेपण मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तालामांकातले आदिवासी त्यांच्या लेखणीतून नाडलेले, दारूने खंगलेले, जवळजवळ मुके असेच उतरतात. त्यांच्या दैन्याला जबाबदार कोण हे फायास अचूक सांगतात, पण त्या लोकांना स्वतःचे काही म्हणणे असेल, त्यांच्या रानाला त्यांची नावे असतील, हे त्यांच्या ध्यानीमनी नाही. काळ्या मजुरांबाबतही त्यांची सहानुभूती बाहेरून पाहणाऱ्याची आहे.

आतून पाहणारा लेखक तीस वर्षांनी आला, तो क्विन्स डंकन. लिमोनकडे जाणारा लोहमार्ग बांधायला १८७० च्या दशकापासून जमैकाहून माणसे आणली गेली. त्यांच्या वंशजांना पूर्ण नागरिकत्व मिळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. १९३४ च्या कंपनीसोबतच्या करारात तर पॅसिफिक बाजूच्या मळ्यांवर ‘रंगीत’ माणसांना कामावर घेण्याला मनाई होती. डंकन यांच्या १९७३ च्या ‘लोस क्वात्रो एस्पेखोस’ म्हणजे ‘चार आरसे’ या कादंबरीचा नायक राजधानीत राहतो आणि एके दिवशी त्याला आरशात स्वतःचा चेहरा दिसेनासा होतो. चेहरा शोधत तो लिमोनला परततो. ही कल्पना काहीशी ठोकळेबाज आहे. पण ज्या प्रवासवर्णनांत लिमोन म्हणजे ‘थोडेसे जमैका, थोडे कॅलिप्सो, नारळाच्या दुधातला भात’ इतकेच असते, त्यांच्या शेजारी ठेवली की तो न दिसणारा चेहरा कुणाला दिसत नाही हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

मोंतेवेर्देविषयी कादंबरी मला भेटली नाही, पण तिथली हकीकत कादंबरीहून कमी नाही. अमेरिकेतल्या अलाबामातले काही क्वेकर लष्करभरतीला नकार दिल्याबद्दल तुरुंगात गेले. सुटल्यावर, १९४८ मध्ये सैन्य मोडीत काढलेल्या या देशात ती कुटुंबे १९५१ च्या सुमारास येऊन स्थायिक झाली. आल्यावर त्यांनी पहिले काम केले ते जंगल तोडून कुरणे काढण्याचे, कारण गाई पाळून चीज करायचे होते. माथ्यावरचे रान त्यांनी पाण्यासाठी राखले. आज जगभरचे लोक जे पाहायला येतात त्या राखीव अरण्याची १९७२ मध्ये सुरुवात झाली, तेव्हा त्यामागे धडपडणाऱ्यांत वोल्फ ग्विंडन हा क्वेकर होता. तो एके काळी यांत्रिक करवती विकत असे. ही माहिती देणारे प्रवासवर्णन क्वचितच भेटते, आणि मला ती तिथल्या कोणत्याही पक्ष्याहून मोलाची वाटते.

याच अरण्यात सोनेरी भेक होता. १९६६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. १९८७ च्या पावसाळ्यात प्रजननाच्या डबक्यांवर दीड हजाराहून अधिक भेक मोजले गेले. १९८८ मध्ये त्याच मुख्य जागी एक दिसला. १९८९ मध्येही एकच, आणि त्यानंतर एकही नाही. रान राखीव होते, कुऱ्हाड थांबली होती, कुंपण शाबूत होते. कोरडे पडत गेलेले धुके आणि बेडकांना मारणारी बुरशी यांकडे अभ्यासक बोट दाखवतात. जे रान ‘अस्पर्श’ म्हणून विकले जाते तिथेच स्पर्श न करता केलेला हा स्पर्श आहे. विमानाने तिथे उतरणारा पाहुणा त्यात भागीदार नाही असे म्हणणे कठीण आहे.

या सगळ्याला थेट भिडणारी कादंबरी म्हणजे आनाक्रिस्तिना रोस्सी यांची १९९२ मधली ‘ला लोका दे गांदोका’, गांदोकाची वेडी. दक्षिण कॅरिबियन किनाऱ्यावर गांदोका-मान्सानियो हे वन्यजीव आश्रयस्थान आहे, १९८५ मध्ये घोषित झालेले. कादंबरीतली दानिएला तिथे राहते आणि पर्यटन प्रकल्पांच्या परवानग्या थांबवण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवते. मंत्री बदलतात, कागद हरवतात, कायद्यातली कलमे कथेच्या मध्येच येऊन बसतात. तिला वेडी ठरवले जाते. रोस्सी यांनी स्वतः असा लढा दिला होता. पुस्तकातले कागद म्हणूनच सजावटीचे वाटत नाहीत.

रोस्सी यांचे धाडस असे की त्यांनी खलनायक बदलला. फायास यांच्या वेळी शत्रू स्पष्ट होता, मळा आणि त्याची कंपनी. इथे शत्रू हिरवा सदरा घालून येतो. तो निसर्गाबद्दल गोड बोलतो, झाडांमध्ये खोल्या बांधतो, आणि त्याच्या हातात परवानगी असते. निसर्गपर्यटनाचे जगभर कौतुक होत असताना, त्या कौतुकाचे केंद्र असलेल्या देशात बसून हे लिहिणे सोपे नव्हते. कादंबरी म्हणून तिच्यात उणीव आहे. दानिएलाचा आवाज इतका तापलेला राहतो की किनाऱ्यावरचे काळे कोळी आणि ब्रिब्री शेतकरी तिच्या लढ्याच्या कडेला उभे राहतात. त्यांनाही त्या जमिनीशी स्वतःचा सौदा करायचा असू शकतो, एखाद्याला खोल्या बांधून चार पैसे मिळवायचे असू शकतात, हा पेच तिला नीट पेलत नाही.

तो पेच काउइता गावाने प्रत्यक्षात सोडवून दाखवला आहे. तिथली काळी कुटुंबे मासे, कासवे आणि कोकोवर जगत आली. १९७० मध्ये त्यांच्या समुद्राला आणि किनाऱ्याला संरक्षण मिळाले, पुढे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि राहते लोक एकदम अतिक्रमणवाले ठरले. १९९४ मध्ये सरकारने परदेशी पाहुण्यांचे प्रवेशशुल्क एकाएकी वाढवले तेव्हा गावाने प्रवेशद्वाराचाच ताबा घेतला. त्यातून उद्यान सरकार आणि गाव यांनी मिळून चालवण्याची व्यवस्था आली, आणि गावाकडच्या दाराने जाताना ऐच्छिक देणगी देण्याची पद्धत पडली. प्रवासमार्गदर्शक पुस्तके या दाराचा उल्लेख आवर्जून करतात, स्वस्तात प्रवेश मिळण्याची सोय म्हणून.

आदिवासींच्या वाट्याला मात्र तेवढेही आलेले नाही. १९७७ च्या कायद्याने त्यांच्या प्रदेशातली जमीन बाहेरच्यांना विकता येत नाही, तरी तिचा मोठा हिस्सा बाहेरच्यांच्याच ताब्यात आहे. ती परत मिळवण्यासाठी झगडणारे ब्रिब्री नेते सेर्खियो रोखास यांची सालित्रे इथे मार्च २०१९ मध्ये गोळ्या घालून हत्या झाली. सैन्य नसलेल्या, शांततेसाठी वाखाणलेल्या देशातली ही घटना आहे.

सालित्रे ज्या बुएनोस आयरेस तालुक्यात आहे, तिथेच अननसाचे अफाट मळे आहेत आणि तिथेच बोरुका हे गाव आहे. ३० डिसेंबरच्या रात्रीपासून २ जानेवारीपर्यंत बोरुकाचे लोक ‘दियाब्लितो’ म्हणजे सैतानांचा खेळ करतात. मुखवटे घातलेले सैतान म्हणजे ते स्वतः, आणि गोणपाटाचा, लाकडी डोक्याचा बैल म्हणजे स्पॅनिश आक्रमक. बैल एकेकाला पाडत जातो, सगळे मरून पडतात, मग उठतात, बैलाला हुडकून काढतात आणि जाळतात. या खेळाचे मुखवटे बाल्सा किंवा देवदारासारख्या लाकडात कोरतात. पर्यटकांसाठी त्यांचा आणखी एक प्रकार निघाला आहे, त्याला ‘पर्यावरणीय’ मुखवटा म्हणतात. त्यावर टूकान, जॅग्वार, फुलपाखरे, बेडूक, दाट पाने रंगवलेली असतात आणि पानांच्या गर्दीत कुठेतरी एक माणसाचा चेहरा असतो. विमानतळावरच्या दुकानांत हाच प्रकार अधिक दिसतो. गावातल्या खेळात ते सैतानाचाच मुखवटा घालतात.