शिट्टी, पांडा आणि वेणी : हॉलिवूडच्या बलदंड नायकांचे बालसंगोपन

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका संध्याकाळी केबलवर ‘किंडरगार्टन कॉप’ लागला होता. वडील नुकतेच पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. इंग्रजी त्यांना फारसे कळत नसे, पण अर्नोल्ड श्वार्झनेगरला ते चेहऱ्याने ओळखत. बालवाडीच्या वर्गात हा धिप्पाड पोलीस शिट्टी फुंकतो आणि चिमुरडी पोरे रांगेत उभी राहतात, या प्रसंगाला वडील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला हसू आले नाही. तसली शिट्टी मी लहानपणी घरात ऐकली होती.

त्या संध्याकाळपासून हा चित्रप्रकार माझ्या डोक्यात बसला. मारामारीसाठी प्रसिद्ध असलेला नट घ्यायचा, त्याच्या हाती दुधाची बाटली किंवा शाळेचे दप्तर द्यायचे आणि सगळ्या कुटुंबाला हसवायचे. मी चित्रपटशास्त्र कुठे शिकलेलो नाही. पुढे डीव्हीडी सहज मिळू लागल्यावर हे चित्रपट मिळतील तसे पाहत गेलो आणि वहीत टिपणे काढत गेलो. प्रत्येक चित्रपटाला मी तीनच प्रश्न विचारतो. घरातली आई कुठे आहे? मुले नायकाचे का ऐकतात? आणि शेवटी पेच कशाने सुटतो?

हसण्यामागचा व्यवहार

या प्रकाराला बाजारात पत मिळवून दिली ती ‘ट्विन्स’ने (१९८८). ‘द टर्मिनेटर’ (१९८४), ‘कमांडो’ (१९८५) आणि ‘प्रेडेटर’ (१९८७) यांमुळे श्वार्झनेगरची ओळख शस्त्रधारी देह अशी झाली होती. दिग्दर्शक आयव्हन राइटमन याने त्याला बुटक्या डॅनी डिव्हिटोचा जुळा भाऊ केले. दोन्ही नट आणि दिग्दर्शक यांनी नेहमीचे मानधन सोडून नफ्यातला वाटा घेतला. जगभरात चित्रपटाने २१ कोटी डॉलरहून अधिक कमावले, तेव्हा तिघांचेही उखळ पांढरे झाले. मारामारीच्या चित्रपटाला घरातला एखादाच जातो, विनोदी चित्रपटाला सगळे घर जाते, हा हिशेब सर्वांना कळला.

१९९० साली याच जोडीने ‘किंडरगार्टन कॉप’ आणला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी श्वार्झनेगरची शारीरिक तंदुरुस्ती आणि क्रीडाविषयक राष्ट्रीय परिषदेच्या अध्यक्षपदी नेमणूक केली आणि तो खरोखरच शाळाशाळांतून व्यायामाचा प्रचार करू लागला. पडद्यावरचा शिक्षक आणि पडद्याबाहेरचा प्रचारक एकाच सुमारास उभे राहिले. २००३ साली हाच माणूस कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला. मुलांत रमणाऱ्या प्रतिमेचा त्यात किती वाटा होता हे मोजता येणार नाही. पण निव्वळ टर्मिनेटरला मत देणे मतदारांना अवघडच गेले असते.

शिट्टीने काय साधते?

या चित्रपटांबद्दलचा सर्वसाधारण समज असा, की मुले त्या दांडग्या पुरुषाला मऊ करतात. माझी टिपणे तेवढे सरळ बोलत नाहीत.

‘किंडरगार्टन कॉप’मधला जॉन किंबल ओरेगॉन राज्यातल्या ॲस्टोरिया गावी गुन्हेगाराच्या मागावर जातो. शिक्षिका म्हणून वर्गात जायचे असते त्याच्या सहकारी फीबीने. ती आजारी पडते आणि किंबलला वर्गात उभे राहावे लागते. पहिल्याच दिवशी मुले त्याचा फडशा पाडतात. तो ओरडतो, तर ती रडू लागतात. वर्ग पहिल्यांदा शांत होतो तो त्याच्या फेरेटमुळे, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या त्या लांबट पाळीव प्राण्यामुळे. शिट्टी आणि कवायत नंतर येतात. त्यामुळे मुले ऐकू लागतात हे खरे, पण बदलतात ती मुले. आवाज चढवणारा पोलीस पोलीसच राहतो. वर्गाचे मात्र प्रशिक्षण केंद्र होते.

याच चित्रपटात मार खाणारा एक मुलगा आहे. त्याच्या अंगावरचे वळ किंबलच्या लक्षात येतात. तो मुलाच्या बापाला गाठतो आणि ठोसा मारतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, मुख्याध्यापिकाही मनातून दाद देतात. पण त्या मुलाने यातून काय शिकावे? घरातल्या मोठ्या माणसाच्या हाताला उत्तर म्हणजे बाहेरच्या अधिक मोठ्या माणसाचा हात. मार खाल्लेल्या मुलाला हे उत्तर गोड लागते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. ते पुरेसे नाही, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

गंमत अशी, की शेवटच्या झटापटीत चित्रपट स्वतःच हे कबूल करून बसतो. खलनायकाला आधी चावतो तो फेरेट, मग किंबलची गोळी लागते. त्यानंतर खलनायकाची आई किंबलला गोळी घालते आणि तिला बेसबॉलच्या बॅटने आडवे करते ती फीबी. जायबंदी नायक जमिनीवर पडलेला असतो. प्रेक्षकांच्या लक्षात शिट्टी राहते. कथा सुटते ती एका जनावरामुळे आणि जिने वर्गात जायचे होते त्या बाईमुळे. म्हणून हा चित्रपट मला त्याच्या जाहिरातीपेक्षा शहाणा वाटतो.

आई घरात असली तर

आता पहिला प्रश्न. बहुतेक चित्रपटांत आईला आधी दूर सारावे लागते. ‘द पॅसिफायर’मध्ये (२००५) वडील मारले गेलेले आहेत आणि आईला स्वित्झर्लंडला पाठवले जाते. ‘द गेम प्लॅन’मध्ये (२००७) मुलीची आई वारलेली आहे. रान मोकळे झाल्याशिवाय नायकाने लंगोट बदलणे हा पराक्रम ठरत नाही.

आई घरात ठेवली तर काय होते, याचा नमुना म्हणजे ‘स्टॉप! ऑर माय मॉम विल शूट’ (१९९२). यात पोलीस झालेल्या सिल्व्हेस्टर स्टॅलनकडे आई राहायला येते आणि त्याचे पिस्तूल चक्क सिंकमध्ये घासून धुते. या एका प्रसंगात उत्तम चित्रपटाचे बीज होते. शस्त्र आणि खरकटे भांडे तिच्या लेखी सारखेच! पण पुढे पटकथेने आईला निव्वळ लुडबुडी म्हातारी करून टाकले. वर्षातल्या वाईट चित्रपटांना दिली जाणारी ‘रॅझी’ स्टॅलन, आईचे काम करणारी एस्टेल गेटी आणि पटकथा या तिघांच्याही वाट्याला आली. श्वार्झनेगरने पुढे जाहीरपणे सांगितले आहे, की ही पटकथा आपल्याला हवी असल्याचे नाटक करून त्याने प्रतिस्पर्धी स्टॅलनला तिच्यात अडकवले. किस्सा मजेशीर आहे; पण चित्रपट फसला तो आईची चेष्टा करण्याच्या नादात तिचे काम पाहायला विसरल्यामुळे.

पांडाचा नाच

टीकाकारांनी फारशी किंमत न दिलेला ‘द पॅसिफायर’ मला इथे महत्त्वाचा वाटतो. व्हिन डिझेलचा नौदल कमांडो पाच मुलांना लष्करी संकेतनावे देतो, म्हणजे पुन्हा शिट्टीच. पण धाकटा पीटर झोपायचा तर त्याच्या दिवंगत वडिलांनी रचलेला ‘पीटर पांडा’ नाच करून दाखवावा लागतो. कमांडो आढेवेढे घेतो आणि अखेर नाचतो. शेवटी कळते, की त्या नाचाच्या पावलांतच गुप्त तिजोरीपर्यंत सुरक्षित पोहोचण्याची वाट दडलेली आहे. पोराला झोपवण्याचे बिनमोलाचे काम ज्याने शिकून घेतले, त्यालाच ती वाट सापडते. माझ्या तिसऱ्या प्रश्नाला इतके नेमके उत्तर दुसऱ्या कुठल्या चित्रपटाने दिलेले मला आढळले नाही.

‘द गेम प्लॅन’ही त्याच वाटेने जातो. ड्वेन जॉन्सनचा फुटबॉलपटू मुलीसाठी बॅलेत उतरतो. तिला सुक्या मेव्याची ॲलर्जी असल्याचे त्याला ठाऊक नसते आणि तिला इस्पितळात न्यावे लागते. तिथे दंडाची ताकद उपयोगाची नाही. मूल काय खाते, हे ठाऊक असावे लागते.

यावरून मी या चित्रपटांचे दोन गट करतो. एकात नायक मुलांना आपली कवायत शिकवतो, दुसऱ्यात मुलांकडून त्यांची रीत शिकतो. हसू दोन्हींत येते. पहिल्यातले हसू आज्ञा देणाऱ्याच्या बाजूचे असते. माझे वडील त्या बाजूला बसले होते आणि मी रांगेत.

पण एवढ्यावर थांबलो तर वडिलांवर अन्याय होईल. मी नऊ वर्षांचा असताना आई आजारपणामुळे महिनाभर मामाकडे होती. शाळेत जाताना धाकट्या बहिणीच्या वेण्या वडील घालायचे. एक जाड, एक बारीक. ती रडून सोडून टाकी. एरवी घरात कडाडणारा तो माणूस काही न बोलता पुन्हा फणी हातात घेई. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही वेण्या सारख्या जमल्या. आई परतली त्या दिवसापासून मात्र त्यांनी फणीला हात लावला नाही आणि शिट्टी पुन्हा सुरू झाली.

हे चित्रपट आई परत येण्यापूर्वी किंवा आल्या आल्या संपतात. त्यानंतर त्या घरात वेण्या कोण घालते, हे दाखवणारा चित्रपट मी अजून शोधतो आहे.