सावलीची विभागणी

दलित आत्मकथनांतील सार्वजनिक जागांचा विचार मराठी समीक्षेने बहुतांशी पाणवठ्यापाशी केला, आणि ते स्वाभाविकही होते. १९२३चा बोले ठराव, १९२७चा महाडचा सत्याग्रह, १९३७चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अशी त्या प्रश्नाला संघर्षाची परंपरा आहे. तळ्याला काठ असतो, मालकी असते. म्हणून त्यावर हक्क सांगता येतो, तो न्यायालयात सिद्धही करता येतो.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’च्या (१९८४) आरंभीची शाळेची सहल मात्र वेगळ्या जागी नेते. तेथे पाणवठा नाही, देऊळ नाही, झाडे आहेत. सवर्ण मुले एका झाडाखाली जेवतात, महार मुले दुसऱ्या. झाडाच्या सावलीला कोणी वतनदार नसतो. तरीही ती विभागली जाते, कारण गावाची वेस मुलांसोबतच रानात आलेली आहे. एका सावलीतून दुसरीकडे जाते ते फक्त उरलेले अन्न. घरी आई विचारते, त्यातले थोडे माझ्यासाठी का आणले नाहीस? या प्रसंगात केवळ अवमान वाचणाऱ्या समीक्षकाला हा प्रश्न अडचणीचा वाटतो. (बहुधा म्हणूनच तो त्याला वगळतो.) भूक अवमानाला दुय्यम करते, हे लेखक कोणतेही भाष्य न करता नोंदवतो.

पुढे गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात, आणि मुलाला तो सुरूच करता येत नाही. शालेय निबंधातील ‘आम्ही सहलीला गेलो’ या ठराविक वाक्यातला ‘आम्ही’ हीदेखील एक सामायिक जागा आहे. तिथे प्रवेश नसलेल्याने ते वाक्य लिहायचे कसे? अशा आत्मकथनांना ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून बाजूस ठेवणाऱ्यांनी येथे थांबायला हवे. सहलीच्या त्या न जमलेल्या निबंधाच्या जागी आता पुस्तकाचा आरंभ उभा आहे, आणि तो ‘मी’च्या तोंडून आहे. प्रथमपुरुषी निवेदन हा येथे आत्मचरित्राचा केवळ संकेत राहत नाही. ‘आम्ही’ नाकारला गेल्यामुळे ते अटळ झालेले आहे.

ग्रामीण कथेत ‘सारे गाव पारावर जमले’ असे वाक्य निवेदक सहज लिहून जातो. ‘अक्करमाशी’तील दुसऱ्या झाडाखालून पाहिले, तर त्यातला ‘सारे’ हा शब्द पुन्हा तपासावा लागतो.