चार सम्राटांचे वर्ष आणि टॅसिटसची लेखणी

टॅसिटस या रोमन इतिहासकाराचे नाव आपल्या वाचकांस अगदीच अपरिचित नसावे. नीरोने केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ आणि पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला झालेला देहदंड यांची नोंद त्याच्या ‘अ‍ॅनल्स’ या ग्रंथात आहे. त्यामुळे बाहेरचा साक्षीदार या नात्याने त्याचा दाखला आवर्जून दिला जातो. परंतु साक्षीस बोलावलेल्या या माणसाला लेखक म्हणून आपण क्वचितच वाचतो. त्याकरिता त्याचा ‘हिस्टरीज’ हा आधीचा ग्रंथ हाती घ्यावा.

ग्रंथातील कथनाचा आरंभ इ. स. ६९ च्या १ जानेवारीपासून होतो. नीरोने आदल्या वर्षी आत्महत्या केली होती. १५ जानेवारीस वृद्ध गॅल्बाची रोमच्या भर चौकात हत्या झाली. एप्रिलमध्ये बेड्रियाकमच्या पराभवानंतर ऑथोने स्वतःचा अंत करून घेतला. डिसेंबरात व्हिटेलियसला विटंबना करीत ठार मारण्यात आले आणि ज्याच्या नावाने अलेक्झांड्रियातील सैन्याने १ जुलैलाच शपथ घेतली होती, तो व्हेस्पेशियन सत्तेवर आला. पहिले तीन खंड या एकाच वर्षाला वाहिलेले आहेत. शैली कमालीची आटोपशीर. गॅल्बावरील अभिप्रायात तर स्तुती आणि नाचक्की एकाच दमात उरकली आहे.

तथापि ग्रंथ मनात घर करतो तो सम्राटांमुळे नव्हे. ऑथोच्या आरमारातील सैनिक लिग्युरियाच्या किनाऱ्यावर लुटालूट करतात, तेव्हा एक माता आपल्या मुलाला लपवून ठेवते. छळ करून ठावठिकाणा विचारला असता ती आपल्या उदराकडे बोट दाखवते आणि अखेरपर्यंत दुसरे उत्तर देत नाही. टॅसिटस तिचे नाव सांगत नाही. पण त्या वर्षातील कोणत्याही सेनापतीपेक्षा ती उंच ठरते. क्रिमोनाजवळच्या रात्रीच्या लढाईत एका तरुण सैनिकाच्या हातून समोरचा शत्रू पडतो आणि तो त्याचाच बाप निघतो. मुलगा क्षमा मागतो, खड्डा खणून पित्याला मूठमाती देतो. भोवतालचे सैनिक हळहळतात, युद्धाला शिव्याशाप देतात आणि पुन्हा आपल्याच आप्तांना मारण्यास व लुटण्यास लागतात. पाप ओळखूनही ते करीत राहणाऱ्या माणसाचे इतके निर्दय चित्र प्राचीन वाङ्मयात विरळाच.

या लेखणीची मर्यादाही येथेच दिसते. डिसेंबरात रोमच्या गल्लीबोळांत कत्तल चालू असता नागरिक आखाड्यातील खेळ पाहावा तसे टाळ्या पिटीत होते, हे दृश्य तो विलक्षण ताकदीने रंगवतो. मात्र ज्यांच्या हाती काहीच नव्हते त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता, हा प्रश्न त्या सिनेटरला फारसा पडत नाही. एकटी माता त्याला दिसते. जमाव मात्र जमावच राहतो.

पाचव्या खंडात ही मर्यादा दोषाचे रूप घेते. यरुशलेमच्या वेढ्याकडे वळताना टॅसिटस यहुदी लोकांविषयीच्या कुचाळक्या नोंदवतो. ते गाढवाची प्रतिमा पूजतात असे तो सांगतो. आणि थोड्याच अंतरावर, ते एकाच देवाला केवळ मनाने भजतात, पाँपी मंदिरात शिरला तेव्हा तेथे एकही मूर्ती नव्हती, असेही लिहितो! हीच निंदा पुढे ख्रिस्ती लोकांच्याही वाट्याला आली, तेव्हा इ. स. १९७ च्या सुमारास टर्टुलियनने या विसंगतीवर नेमके बोट ठेवले.

आपल्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. यहुद्यांवर मानवद्वेषाचा आरोप करणारी लेखणी तोच आरोप ‘अ‍ॅनल्स’मध्ये ख्रिस्ती लोकांवरही करते. एकीकडील निंदा नाकारून दुसरीकडील निमूटपणे स्वीकारणे प्रामाणिकपणाचे नाही. विशेषतः १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुदीद्वेषाचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केल्यावर तर नाहीच. यरुशलेमचा पाडाव येण्यापूर्वीच उपलब्ध हस्तलिखित तुटते. त्या नगरीकडे पाहून प्रभू येशूने अश्रू ढाळले होते. टॅसिटसकडे तिच्यासाठी अश्रू नव्हते. लिग्युरियातील मातेसाठी मात्र होते. त्याची थोरवी आणि त्याचे अपुरेपण, दोन्ही या भेदात सामावलेली आहेत.